रांगेतली जागा

स्मरणिकेसाठी ‘तुमच्या लघुपटाविषयी लिहा’ असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा पहिला वाद झाला तो लिहायचे कोणी यावर. ‘रांग’ हा सहा मिनिटांचा लघुपट आम्ही सहा जणांनी मिळून केला. त्यात दिग्दर्शक, छायालेखक, संकलक अशी पदे वाटून दिलेली नव्हती. म्हणून हा लेखही ‘आम्ही’ या एकाच कर्त्याच्या नावाने लिहीत आहोत. आम्ही आपल्या शाळेच्या एकाच तुकडीचे, चार मुलगे आणि दोन मुली. २०१६ साली तिघे नांदेडला शिकत होतो, दोघे लातूरला, आणि एक जण पुण्यात नोकरीला होता.

त्या वर्षीचा लातूरचा उन्हाळा वाचकांना आठवत असेलच. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणवठ्यांवर भांडणे होऊ लागली, तेव्हा मार्च महिन्यात प्रशासनाने शहरातील पाणी भरण्याच्या जागांभोवती कलम १४४ लावून पाचांहून अधिक माणसांनी एकत्र जमण्यास मनाई केली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पहाटे लातूर स्थानकात आली. त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. आम्ही सर्व जण जयंतीसाठी घरी आलो होतो आणि मिरवणुकीनंतर एका मित्राच्या घराच्या गच्चीवर बसलो असता लघुपट करण्याचा विचार निघाला. विचार नवा नव्हता. वसतिगृहात असताना आम्ही भित्तिपत्रक चालविले होते, जयंतीला जलसा बसविला होता. पुढे ‘फँड्री’ पाहून आल्यावर रात्रभर बोलत बसलो होतो. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा पहिला लघुपट अहमदनगरला महाविद्यालयात शिकत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे कळल्यापासून तर आपल्यालाही काही करता येईल असे वाटू लागले होते.

कथा मात्र कोणाकडेच नव्हती. प्रत्येकाने सांगितलेली कथा दुसऱ्याने पूर्वी कुठेतरी पाहिलेली असे. शेवटी आमच्यातील एकीने विचारले, की कथा पाहिजेच असे कोणी सांगितले? नांदेडहून येताना तिने पेनड्राइव्हवर एक जुना मूकपट आणला होता. योरिस इव्हेन्स आणि मान्नुस फ्रांकेन या दोघांनी १९२९ साली ॲमस्टरडॅम शहरात केलेला ‘पाऊस’. बारा-तेरा मिनिटांत एक सर येते आणि जाते, एवढेच त्यात घडते. छत्र्या उघडतात, कालव्याच्या पाण्यावर थेंब पडतात, ट्रामच्या काचेवरून ओघळ उतरतात. ही एक सर अनेक महिन्यांच्या अनेक सरींतून जुळविलेली आहे. कुठे चांगला पाऊस दिसला की कळवा, असे इव्हेन्सने ओळखीच्यांना सांगून ठेवले होते म्हणतात. लातूरच्या त्या गच्चीवर, रिकाम्या टाकीला टेकून, लॅपटॉपवर परदेशातील पाऊस पाहणे हा एक विलक्षणच प्रकार होता. पाहून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, “आपल्याकडं पाऊस नाही, पण रांग आहे.”

रांग म्हणजे माणसांची नव्हे, घागरींची. आम्ही ज्या वस्तीत चित्रीकरण केले ती लातूर शहराच्या कडेला आहे. तेथे टँकर आठवड्यातून एकदा येई, आणि कोणत्या वेळी येईल ते सांगता येत नसे. त्यामुळे बाया पहाटेच घागरी आणून ठेवत आणि कामाला जात. घागर हाच नंबर. निळ्या, पिवळ्या, हिरव्या प्लास्टिकच्या घागरी, मध्येच एखादी पितळी कळशी, तेलाचे धुतलेले डबे, रंगाच्या बादल्या. बहुतेकींवर ऑइलपेंटने नाव लिहिलेले असे, आणि ते बहुधा मुलाचे नाहीतर घराण्याचे आडनाव असे. जिने ती घागर वाहिली तिचे नाव आम्हांला एकाही घागरीवर आढळले नाही. माणसांना जमण्याची मनाई असलेल्या शहरात माणसांच्या ऐवजी त्यांची भांडी दिवसभर उभी होती. याहून वेगळी कथा रचण्याची गरजच काय?

पण मग ती दाखवायची कशी? येथे आम्हांला आधार मिळाला तो दादासाहेब फाळके यांचा. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला घेतला नाही. आधी वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म उघडत त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती सारी वाढ मिनिटभरात होई. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा तो तुकडा पाहूनच त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळाले. महाराष्ट्रातील पहिला प्रायोगिक लघुपट कोणता असे विचारल्यास आम्ही वाटाण्याचेच नाव घेऊ. आणि फाळके यांचे नाव घेताना सरस्वतीबाईंचेही घेतले पाहिजे. फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनात धुणे, चित्रीकरणात पांढरी चादर धरून ऊन परतविणे आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, ही सारी कामे त्या करीत होत्या. चित्रपट एकट्याचा नसतो, हे या एका घराकडे पाहिले तरी कळते.

ठरले असे, की तिपाईवर कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर दहा सेकंदांनी एक छायाचित्र घ्यायचे. बारा तासांची ४,३२० छायाचित्रे होतात. सेकंदाला पंचवीस या वेगाने ती दाखविली की दोन मिनिटे त्रेपन्न सेकंदांत दिवस सरतो. कॅमेरा मिळाला तो आपल्याच एका माजी विद्यार्थ्याचा. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय. लग्नसराईमुळे त्याने एकच दिवस दिला, सोमवार, १८ एप्रिल. ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्र घेणारे यंत्र त्याच्यापाशी नव्हते, नुसती बटणाची वायर होती. तेव्हा दहापर्यंत मोजून बटण दाबायचे, तासातासाने पाळी बदलायची. वसतिगृहात पहाटे आनापान करताना श्वास मोजण्याची जी सवय लागली होती, ती अशा कामी येईल असे त्या वेळी कोणाला वाटले असते?

चित्रीकरणापूर्वी एक मोठा वाद झाला. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे होते, की पाण्याची रेल्वे दाखविल्याशिवाय हा लघुपट लातूरचा होणार नाही. उरलेल्यांचे म्हणणे, की ती गाडी देशभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी दाखविली आहे. तिच्या आगमनाचे फोटो सर्वांनी काढले, तिचे पाणी गल्लीत येईपर्यंत मात्र कोणी थांबले नाही. वाद तुटेपर्यंत ताणला गेला. तेव्हा आम्ही आपल्या वसतिगृहाच्या अधीक्षकांची रीत वापरली. जुन्या विद्यार्थ्यांना ती आठवेल. दोन मुलांचे भांडण झाले की प्रत्येकाने आधी दुसऱ्याची बाजू मांडायची, आणि ती नीट मांडली असे त्या दुसऱ्याने म्हटल्याशिवाय स्वतःची बाजू सांगायची नाही. लहानपणी या रीतीचा आम्हांला फार राग येई, कारण अर्ध्या वाटेवरच भांडणातला जीव जाई. या वेळी तिच्यातून तोडगा निघाला. गाडी दिसणार नाही, पण ऐकू येईल. लातूर स्थानकाबाहेर दोन रात्री बसून आम्ही मालगाडीच्या चाकांचा, ब्रेकचा आणि वाघिणींच्या धडकांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. लघुपटात तो आवाज रिकाम्या घागरींवरून जातो.

चित्रीकरणाच्या दिवसाविषयी फार लिहीत नाही. पारा चाळिशीच्या वर होता. सकाळी एक हवालदार येऊन आम्हांला मोजून गेले. आम्ही सहा होतो. हुकूम आपल्याला लागू आहे असे मानून, दिवसभर आळीपाळीने एक जण शंभर पावलांवरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला. अकराच्या सुमारास ऊन थेट कॅमेऱ्यावर येऊ लागले. तेव्हा समोरच्या घरातून एक आजी काळी छत्री घेऊन आल्या. “काय करायलाव रे लेकराहो? तुमचं यंत्र तापायलंय की,” असे म्हणून त्यांनी छत्री कॅमेऱ्यावर धरली आणि तिपाईशेजारी दगडावर बसून टँकर येईपर्यंत धरून ठेवली. आम्ही हात पुढे केला की त्या म्हणत, “तुमी मोजा. चुकंल.” त्यांच्या दोन घागरी रांगेत होत्या, त्यांच्याकडेही त्यांचे लक्ष होते.

टँकर चारच्या पुढे आला. त्याआधी ती रांग तीन वेळा हलली. एकदा वाळूचा ट्रॅक्टर आला म्हणून बायांनी सगळ्या घागरी भिंतीकडे सरकवल्या, एकदा सावलीसाठी, आणि शेवटी टँकर भलत्याच तोंडाला उभा राहिला म्हणून अख्खी रांग वळवावी लागली. संध्याकाळी मोजले तेव्हा छायाचित्रे ४,३२० ऐवजी ४,१८७ भरली. बॅटरी बदलताना आणि पाळी बदलताना काही निसटली. पण त्याचा एक लाभ झाला. प्रत्येकाचे दहा वेगळे होते. कोणी घाईने मोजी, कोणी रेंगाळून. त्यामुळे पडद्यावर सावल्या एकसारख्या सरकत नाहीत, त्यांची चाल तासातासाला बदलते, आणि कोणत्या वेळी बटण कोणाच्या हातात होते हे आम्हांला आजही ओळखता येते. श्रेयनामावली वेगळी दिली नसती तरी चालले असते.

लोहा, अहमदपूर अशा वाटेने एसटीने येजा करीत संकलनाचे काम आम्ही नांदेडला, एका मित्राच्या खोलीवर, त्याच्या संगणकावर केले. छायाचित्रे प्रथमच वेगाने धावताना पाहिली त्या रात्रीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या लेखाचे कारणच ती आहे.

पहिल्यांदा पाहताना केवळ आनंद झाला. घागरी जिवंत झाल्या होत्या. त्या थरथरत, पुढे सरत, एकमेकींना धक्के देत. दुसऱ्यांदा पाहताना एकीने चित्र थांबविले आणि पडद्यावर बोट ठेवले. रांगेत साधारण मध्यावर दोन निळ्या घागरी एकमेकींना चिकटून होत्या. त्यांच्या पुढे आणि मागे मात्र वीतभर जागा रिकामी होती. बाकीच्या रांगेत घागरीला घागर टेकलेली. आम्हांला वाटले, तेथे गटाराची फरशी असेल, जमीन उंचसखल असेल. चित्र पुढे नेले. ट्रॅक्टर आला, रांग भिंतीकडे गेली, आणि काही क्षणांतच त्या दोन घागरींच्या दोन्ही बाजूंना तीच जागा पुन्हा पडली. सावलीत गेली, पुन्हा पडली. टँकरसाठी रांग उलटी वळली, तेव्हाही पडली. ती जागा जमिनीची नव्हती. ती घागरींबरोबर चालत होती.

त्या दोन घागरींवर पांढऱ्या अक्षरांत जे आडनाव होते, तेच आमच्यापैकी एकाचे आहे. त्या घागरी छत्रीवाल्या आजींच्या होत्या.

त्या दिवशी बारा तास आम्ही त्या रांगेसमोर बसून होतो. उभ्या डोळ्याला हे दिसत नाही, जसा वाटाणा वाढताना दिसत नाही. कोणी कोणाला शब्दाने दुखविले नव्हते, कोणाची घागर कोणी बाहेर काढली नव्हती. एखादी बाई वाकून आपली घागर ठेवी आणि हात आपोआप वीतभर अलीकडे थांबे, इतकेच. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्याला नव्वद वर्षे होत आली होती. शासनाने पाण्यासाठी रेल्वे धाडली होती. आणि अजूनही एवढी, एका वितीची, जागा शिल्लक होती.

पुढच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन आम्ही लातूरला गेलो आणि आजींना ते चित्र दाखविले. त्यांच्या घागरींना कॅमेऱ्यापुढे आणायचे की नाही हे त्यांनीच ठरवावे, असे आमचे म्हणणे होते. आजींनी शांतपणे पाहिले. आश्चर्य त्यांना मुळीच वाटले नाही. “तुमाला आत्ता दिसलं व्हय?” एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी माहेरच्या विहिरीची हकीगत सांगितली. घागर काठापासून दूर ठेवून उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, शिंतोडा उलट उडू नये म्हणून सगळे जपायचे. त्या मानाने आता बरे आहे, असे त्या म्हणाल्या नाहीत. बरे नाही, असेही म्हणाल्या नाहीत. दाखवा म्हणाल्या.

त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर आणखी एक गोष्ट दाखवून दिली. टँकर आल्यावर झालेल्या गर्दीत एका बाईने पाईप ओढून सर्वांत आधी आजींची घागर भरली होती. “ही शेजारीण. मी म्हातारी म्हणून आधी भरती. दर खेपेला.” त्याच बाईची पिवळी घागर दिवसभर निळीपासून वीतभर दूर होती. आम्ही ते दोन्ही क्षण पुन्हा पुन्हा पाहिले. हात तोच होता.

लघुपटाच्या शेवटी काय लिहायचे यावर आमचा दुसरा मोठा वाद झाला. काहींचे मत, की त्या रिकाम्या जागेभोवती वर्तुळ काढावे, खाली एखादी ओळ द्यावी. नाहीतर लोकांच्या लक्षात येणार नाही. इतरांनी ‘फँड्री’तील त्या भिंतीची आठवण दिली. मारलेले डुक्कर खांद्यावर बांधून नेताना जब्या आणि त्याच्या घरचे शाळेच्या भिंतीपुढून जातात, तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. त्या वेळी कोणीही काही बोलत नाही. वाद मिटविला तो आजींनीच. “लिहू नका बाबा. लिहिलं की लोक वाचत बसतेत, बघत नाईत.” ओळ दिली नाही. वर्तुळही काढले नाही. शेजारणीने घागर भरल्याचा क्षण मात्र कापला नाही, कारण तो कापला असता तर वस्तीवर अन्याय झाला असता आणि लघुपट सोपा झाला असता. सोपे करणे आम्हांला मान्य नव्हते.

पुढे एका महोत्सवाला प्रवेशिका पाठविताना अर्जात दिग्दर्शकाच्या नावासाठी एकच रकाना होता. त्यात आम्ही सात नावे अकारविल्हे लिहिली. सातवे नाव आजींचे. छत्री बारा तासांपैकी पाच तास त्यांनी धरली होती. तेथे लघुपट दाखविला गेला. नंतरच्या चर्चेत भिंग कोणते, बॅटऱ्या किती लागल्या, रंग नंतर गडद केले का, असे प्रश्न आले. एका प्रेक्षकाने घागरींच्या रंगसंगतीचे फार कौतुक केले. जागेविषयी कोणी विचारले नाही. एकीला तेथेच उठून सांगावेसे वाटले होते, परंतु आजींचा शब्द आठवून ती बसून राहिली.

आपल्या शाळेत लघुपट दाखविला तो वर्षावासाच्या काळात, सायंकाळच्या वंदनेनंतर, विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून. त्याच पावसाळ्यात मांजरा धरणात पाणी आले. त्या संध्याकाळीही बाहेर पाऊस होता आणि पत्र्यावरच्या आवाजात आमची मालगाडी नीटशी ऐकू येत नव्हती. पुढच्या ओळींत पाचवी-सहावीची मुले, मागे काही पालक. रांग पहिल्यांदा हलली तेव्हा मुले हसली. दुसऱ्यांदा हलली तेव्हा हसणे कमी झाले. तिसऱ्यांदा रांग वळली आणि पुढच्या ओळीतील एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “सर, ती निळी बघा. तिच्याजवळ कोणीच येईना.”

सरांनी दिवे लावले नाहीत. लघुपट संपल्यावर तो पुन्हा दाखवा अशी मागणी आली, आणि दुसऱ्या वेळी मुलांनी ती जागा मोजायला सुरुवात केली. मागे बसलेल्या पालकांपैकी एक बाई पदराने डोळे पुसत होत्या की चेहऱ्यावरचा पाऊस, ते आम्हांला अंधारात कळले नाही. एका वडिलांना मात्र हे आवडले नाही. लेकरांना इतक्यात हे कशाला, असे त्यांनी आम्हांला नंतर बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. त्यांचा प्रश्न गैर होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यावर आमच्या सहांचे एकमत आजही झालेले नाही.

लघुपटाची प्रत आणि सर्व ४,१८७ छायाचित्रे शाळेच्या ग्रंथालयातील संगणकात ठेवली आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणालाही ती पाहता येतील. तिपाई आम्ही शाळेला दिली. गेल्या वर्षी नववीच्या मुलींनी ती स्वयंपाकघरात नेऊन भाकरीच्या परातीसमोर लावली होती, त्यांचे काम अजून चालू आहे असे कळते. तिपाईचा एक पाय सैल आहे, त्याला सुतळी बांधलेली आहे. ती सोडू नये.